माप नव्याने घ्यावं लागेल

३ नोव्हेंबर

तुझे साचे पुरात भिजले आहेत आणि हे घर वर्ष सरता सरता पाडणार आहेत, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही.

मायना घातलेला नाही. पाच वर्षांनी तुला काय म्हणायचं ते ठरेना, आणि तेवढ्यावर सकाळ घालवायला मला वेळ नाही. पत्ता टॅक्सीवाल्याने दिला. तुझ्या इस्पितळात तो मध्यंतरी कृत्रिम पायाच्या गुडघ्याची बिजागरी बदलून घ्यायला आला होता म्हणे. पत्ता कुणाला देऊ नकोस असं तू त्याला बजावलं होतंस, हेही त्याने मला सांगितलं. माणूस प्रामाणिक आहे.

वादळाचं तू बातम्यांत पाहिलं असशील. ते अंगावरून गेलं तेव्हा इथे फारसं काही झालं नाही. शाळेचे पत्रे उडाले, चौकातली दोन झाडं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना "वाचलो बुवा" म्हणत हिंडत होते. मग वादळाचं उरलंसुरलं शहराच्या डोक्यावर येऊन बसलं आणि तिथून हलेना. आम्ही सगळ्यांनी वाळूची पोती पुढच्या दाराला लावली. रस्त्यावर डोळे लावून बसलो. पाणी आलं मागून. आधी न्हाणीघराच्या मोरीतून बुडबुडे, मग मागच्या अंगणातलं लोखंडी झाकण उडालं आणि जमिनीतून झरा फुटावा तसं काळं पाणी वर आलं. पुढच्या पोत्यांनी ते बाहेर जाऊ दिलं नाही, एवढाच त्यांचा उपयोग.

तुझ्या कामाच्या खोलीत ते तिसऱ्या फळीपर्यंत चढलं. मी वरच्या मजल्यावर होते. उतरायला दोन दिवस लागले. पाणी गेलं, गाळ राहिला.

आता खोलीची स्थिती. प्लास्टिक तापवायची तुझी भट्टी बुडाली. हवा ओढणारा पंप बुडाला. घासायचं यंत्र उंचावर होतं, ते कोरडं आहे. कातडी पट्टे सगळे सडले, ते मी तुला न विचारता टाकले. घरात उभं राहवत नव्हतं. प्लास्टरचे पाय मात्र टाकलेले नाहीत. ते तू माणसागणिक ओतून, घासून, फळ्यांवर ओळीने उभे केले होतेस. ते तुटलेले नाहीत. पण तुझ्या जांभळ्या पेन्सिलीच्या खुणा गेल्या. कुठे हाड लागतं, कुठे दाबायचं, कुठे मोकळं सोडायचं, हे दाखवणाऱ्या त्या रेघा आणि खाली लिहिलेली नावं, सगळं पुराने पुसलं. आता ते नुसते पांढरे पाय आहेत. कुणाचा कुठला, मला कळत नाही.

आणि माणसं येतात. पुरात कुणाचा पाय वाहून गेला, कुणाचा फुगला, कुणाची बिजागरी गंजून बसली. काठीवर, कुबड्यांवर, एक बाई तर भाजीच्या हातगाडीवर बसून आली. दार वाजवून विचारतात, बाई आहेत का. बाई इथे राहत नाहीत, असं मी सांगते. मग ते विचारतात, कधी येणार. याचं उत्तर मी देत नाही, कारण मला ते माहीत नाही.

काय ठेवायचं, काय फेकायचं, ते दोन ओळींत कळव. पालिकेची गाडी पुराचा कचरा या महिन्यापुरताच उचलणार आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे.

१६ नोव्हेंबर

उत्तर मिळालं. मी दोन ओळी मागितल्या होत्या, तू दीड पाठवलीस. "सगळं फेकून द्या. यंत्रं कुणाला हवी असतील तर देऊन टाका."

फेकणार नाही. मी तुला विचारलं होतं हे खरं. तुझं उत्तर मला पटलेलं नाही, हेही खरं.

तू म्हणशील, इतकी वर्षं ती खोली कुलूपबंद होती, तेव्हा कुठे साच्यांची फिकीर होती. खोली कुलूपबंद नव्हती. दर आठवड्याला मी ती झाडत होते. तुझ्या काळात प्लास्टरची पूड जिन्यापर्यंत यायची आणि त्यावरून आपले खटके उडायचे. आता जिना स्वच्छ असतो. झाडून झालं की मी थोडा वेळ तिथेच बसते, कारण खाली बसलं की गुडघे लगेच उठू देत नाहीत.

परवा रविवारी मी आल्यागेल्या सगळ्यांना एकदमच बोलावलं. अंगणात सतरंजी टाकली, तीवर सगळे प्लास्टरचे पाय मांडले आणि म्हटलं, आपापला ओळखून घ्या. मला वाटलं, ही मंडळी बघत राहतील. घटकाभरात निम्म्याहून जास्त पाय लागले. टेलरबाईने आपला तर लांबूनच ओळखला. तू तिला विसरली नसशील. डावा पाय गुडघ्याखाली नाही, आणि तो नसल्याचं तिच्या जिभेला अजून कळलेलं नाही.

"ही माझी पोटरी," ती म्हणाली. "एवढी सुबक दुसऱ्या कुणाची असणार?"

"सुबक कसली, दुधी भोपळा आहे," टॅक्सीवाला म्हणाला.

"तुझा शोध आधी. का तो पण टॅक्सीखाली विसरलास?"

टॅक्सीवाल्याचं पुरात असं झालं होतं. दुपारी जेवून पाय काढून तो आडवा झाला. जाग आली तेव्हा खाट भिजली होती आणि पाय खोलीच्या दारातून बाहेर निघाला होता. "बुडत्याचा पाय खोलात म्हणतात," तो सांगत होता, "माझा तर तरंगत पुढे गेला. मी हाका मारतोय, तो वळून बघायला तयार नाही." सगळे हसले. मीही. नंतर त्याने हळूच सांगितलं की शेजाऱ्यांनी त्याला खिडकीतून ओढून काढेपर्यंत पाणी गळ्याशी आलं होतं, आणि आता तो टॅक्सी चालवत नाही, कारण क्लच दाबायला पाय नाही. घरी चार माणसं आहेत.

टेलरबाईचं यंत्र वाचलंय. पायडल मारायला पाय हवा. ती ते हाताने फिरवते आणि दिवसाकाठी एक परकर होतो.

तिथेच एक जण म्हणाला, देवाची करणी, आपण काय करणार. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. तीस वर्षं वर्गात नकाशा लावला, तो काही भिंत झाकायला नव्हे. आपल्या घरांच्या पाठीमागून ओढा वाहत होता. लग्न होऊन आले तेव्हा मी तो पाहिला आहे. तो स्लॅब टाकून झाकला, वर गाड्या लावायला जागा केली. वरच्या अंगाला तळं होतं, जास्तीचा पाऊस तिथे थांबायचा. ते भरलं. उरलेल्या मोकळ्या जमिनीवर फरशा बसवल्या, की एक थेंब मुरायला नको. समुद्राच्या तोंडाशी दरवाजे आहेत, ते भरतीला बंद करावेच लागतात, नाहीतर समुद्र आत येतो. ते बंद असताना आतलं पाणी उपसायला पंप आहेत, आणि पंपांची विजेची पेटी तळघरात. वादळाने समुद्र फुगवला, भरती ओसरेना, दरवाजे उघडेनात, पेटी बुडाली, पंप थांबले. आभाळातून पडलेलं पाणी जाणार कुठे? मोरीतून आपल्या घरी. वाऱ्याने चार पत्रे नेले. बाकीचं आपण वर्षानुवर्षं मन लावून केलेलं काम आहे.

आता पालिका स्लॅब फोडून ओढा उघडणार आहे आणि काठावरची आपली ओळ पाडणार आहे. गल्लीत रडारड चालली आहे. मी संमती देऊन टाकली. जागा ओढ्याची होती.

तो येऊन गेला. कोण ते लिहायला नको. आपल्याकडे राहायला चल म्हणतो. त्याचं घर दहाव्या मजल्यावर आहे.

"मी तिथे काय करू?"

"आराम कर, आई."

"तो पुढे पुष्कळ आहे."

"तू हट्ट सोड. इथे तुझं काय उरलंय?"

त्याची इमारत जिथे उभी आहे तिथेच ते तळं होतं, एवढं मी सांगितलं. पुरात तिथे लिफ्ट बंद, नळ बंद. खाली सगळीकडे पाणी आणि दहाव्या मजल्यावर प्यायला थेंब नाही. बिचारा बादल्या घेऊन जिने चढत होता. माझा मुलगा आहे, मला वाईट वाटलं.

वीसेक पाय अजून बिनओळखीचे आहेत. ज्यांचे लागले त्यांच्याही खुणा गेल्या आहेत. तू लिही, की त्या खुणा पुन्हा कशा करायच्या. मी सांगितलेलं नीट करते, हे तुला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर

तुझं पत्र वाचलं. या वेळी पान भरून आहे, त्याबद्दल आभार. प्रश्नांची उत्तरं देते.

तू लिहितेस : "आई, पाणी तिसऱ्या फळीपर्यंत चढलं असं तुम्हीच म्हणता. टॅक्सीवाल्याचा साचा पाचव्या फळीवर होता, मीच ठेवला होता. त्याच्या खुणा पुराने कशा पुसल्या?"

मी धुतले.

गाळ उडाला होता, भिंती ओल्या होत्या, वरच्या फळ्यांनाही बुरशी धरायला लागली होती. चिखलाचा पाय मला घरात चालत नाही, मग तो माणसाचा असो की प्लास्टरचा. ब्रश घेतला, साबण घेतला, एकेक पाय घासून लख्ख केला. जांभळी पेन्सिल पाणी लागलं की विरघळते हे मला ठाऊक नव्हतं. बादलीतलं पाणी जांभळं झालं तेव्हा मला वाटलं, चला, घाण निघते आहे. शेवटचे पाच-सहा उरले असताना माझ्या लक्षात आलं. तेही धुऊन काढले, कारण अर्धं काम मला आवडत नाही. पहिल्या पत्रात पुराचं नाव घेतलं. पुराने एवढं केलंय, आणखी एका गोष्टीने त्याचं काही बिघडत नाही, असं वाटलं.

पुढे तू लिहितेस : "खुणा पुन्हा करता येत नाहीत. पाच वर्षांत मांस झडतं, वाढतं. माप नव्याने घ्यावं लागेल, माणूस समोर बसवून. आई, खरं सांगा, तुम्ही मुद्दाम धुतलेत का?"

मुद्दाम धुतले नाहीत. आणि धुतले असते तरी सांगितलं नसतं.

टेलरबाईला हे वाचून दाखवलं. (तुझी पत्रं मी कुणाला दाखवत नाही. पण यात तिच्या पायाचा विषय होता.) ती म्हणाली, "बाई तुम्हाला चांगलं ओळखतात हो." मी म्हटलं, ओळखत असती तर विचारलं नसतं. तर ती म्हणते, "ओळखतात म्हणूनच विचारलं." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तू आणखी एक विचारलं आहेस, पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात. त्या दिवशी मी दार का उघडलं. तो नव्या बायकोला घेऊन उंबऱ्यात उभा होता आणि तू मागच्या खोलीत काम करत होतीस, हे मला माहीत होतं. मी दार उघडलं, त्यांना आत घेतलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. पुन्हा तो उंबऱ्यात उभा राहिला तर मी पुन्हा दार उघडीन. मुलगा आहे. पण त्यासाठी तू जायचं होतंस, असं मी कधी म्हटलं नव्हतं. तू विचारलं नाहीस. मी अडवलं नाही. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी जिन्यात उभी होते आणि तुझ्या हातात पाण्याची बाटली दिली. प्रवासात लागते म्हणून.

घरात दोघींचे दोन कप होते. एक मी वापरते. दुसराही धुऊन ठेवते, धूळ बसते म्हणून.

तुला इस्पितळातून सुटी मिळत नाही, हे वाचलं. टॅक्सीवाल्याला मी ते असं सांगितलं नाही. बाई विचार करताहेत, असं सांगितलं.

१४ डिसेंबर

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते आहे. असं मी सहसा करत नाही.

मध्ये लिहायला जमलं नाही, कारण ताप होता. गाळात उघड्या पायांनी वावरल्यामुळे येतो तसला. पुरानंतर गल्लीत घरोघर झाला. कोपऱ्यावरचा पेपरवाला त्यात गेला. पहिल्या पत्रात प्रकृती उत्तम असं लिहिलं होतं तेव्हा कणकण होतीच. टेलरबाई चार दिवस माझ्याकडे राहिली. तिला एक पाय, मला अंगात त्राण नाही. दोघींनी मिळून एका माणसाएवढं काम केलं. तापात मी तुला हाका मारत होते, असं ती म्हणते. टेलरबाई बोलते फार.

आता बरी आहे. हे सहानुभूतीसाठी लिहिलेलं नाही.

त्यांनी स्लॅब फोडला. मागच्या खिडकीतून ओढा दिसतो. किती वर्षांनी त्याच्यावर ऊन पडलं. पहिले दोन दिवस नुसती घाण, गाद्या, टायर, एक अख्खी शटरची पट्टी. तिसऱ्या दिवशी पाणी चालायला लागलं. त्याचा आवाज येतो. तू आलीस तेव्हा ओढा झाकलेला होता, तो तू कधी पाहिलेला नाहीस, आणि मी थोड्या दिवसांत इथून जाणार. म्हणजे हा आवाज आपल्या दोघींना मिळून असा ऐकायला मिळायचा नाही. सकाळी तुझ्या घासायच्या यंत्राचा आवाज यायचा तेव्हा मी वरून ओरडायचे, बंद कर. आता ओढा चालतो आणि मी ओरडत नाही.

एक जागा पाहिली आहे. रागावण्याआधी पूर्ण वाच.

मी आणि टॅक्सीवाला, तो आपली टॅक्सी मेहुण्याकडून चालवून घेऊन आला होता, शहरभर भिंती बघत फिरलो. पुराची मातकट रेघ प्रत्येक भिंतीवर आहे. ती रस्ता चढतो तशी खाली खाली येते. कमरेएवढी, गुडघ्याएवढी, घोट्याएवढी. चढणीवरच्या जुन्या टायरच्या दुकानाशी ती संपते. तिथून पुढे भिंती स्वच्छ. नकाशावरची समोच्च रेषा मी पोरांकडून पाठ करून घेतली, पण स्वतः अशी डोळ्यांनी प्रथमच पाहिली. टायरवाला दुकान आवरतो आहे. समोर मोठी खोली, मागे लहान. दारात पायरी नाही, गाड्या चढवायचा उतार आहे. बिनपायाच्या माणसाला पायरी नको, हे तूच मला शिकवलं होतंस. आपल्या दारातल्या दोन पायऱ्यांवरून तू किती बडबडायचीस. वीज जोडणी छातीच्या वर घेतली आहे. मी उभी राहून करवून घेतली.

टायरवाला विचारत होता, "दवाखाना काढताय काय आजी?"

"काढत नाही. जागा बघून ठेवते."

"डॉक्टर कोण?"

"डॉक्टर नाही. पाय बनवणारी."

"कुठाय ती?"

टॅक्सीवाला मध्येच म्हणाला, "वाटेत आहे." मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तो म्हणाला, "मी कुठलं अंतर सांगितलं?"

मागच्या लहान खोलीत माझी खाट मावते. दहाव्या मजल्यावर मी जाणार नाही, हे मुलाला सांगून टाकलं. तो रागावला, मग रडला, मग खाट उचलायला स्वतः आला. भट्टी त्याने खोलून वाळवली; पेटते. पंप दुरुस्तीला दिला आहे. हे सगळं तुझ्यासाठी केलेलं नाही. तू म्हणालीस यंत्रं कुणाला तरी द्या. ज्याला द्यायची त्याला चालू स्थितीत द्यावीत.

आलेल्यांना मी अजून नाही म्हटलेलं नाही. म्हणायला हवं. तू येणार नसशील तर त्यांना दुसरीकडे पाठवायला हवं, आणि दुसरीकडे म्हणजे पाच तासांवर. टेलरबाईच्या बखोटीला कुबडीने जखम झाली आहे. टॅक्सीवाल्याच्या मेहुण्याला टॅक्सी चालवता येत नाही, नुसती ठोकता येते. या शुक्रवारपर्यंत मी तुझी वाट बघेन. त्यानंतर लोकांना खरं सांगेन आणि यंत्रं त्या दूरच्या केंद्राला देऊन टाकेन. तिथली माणसं ती न्यायला तयार आहेत.

वाट बघेन असं लिहिलं. उत्तराची, असं वाचावं.

२२ डिसेंबर

सूनबाई,

तुझं कार्ड शुक्रवारी संध्याकाळी आलं. पोस्टमन उद्या देतो म्हणत होता. मी त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले.

शनिवारी सकाळच्या गाडीने येऊन रविवारी परत, फक्त मापं घेणार, राहायची सोय मी करू नये, कुणाला निरोप देऊ नये, आणि त्याच्याशी गाठ पडणार नाही असं बघावं. सगळं समजलं. पैकी एक आधीच बिघडलं आहे : निरोप गेला. कार्ड हातात आलं तेव्हा टेलरबाई शेजारी होती.

तो शनिवारी येणार नाही. मीच सांगितलं, आणि त्यानेही विचारलं नाही. पंपाची जोडणी त्याने आज करून दिली. जाताना भट्टीजवळ जरा थांबला. "तिला सांग, डाव्या बाजूची तार बदलली आहे," एवढंच म्हणाला. तेवढं तुला सांगते आहे.

प्लास्टरच्या पट्ट्या, पोती, पेन्सिली आणून ठेवल्या आहेत. पेन्सिली जांभळ्याच. माणसांना वेळा वाटून दिल्या आहेत, म्हणजे गर्दी होणार नाही. म्हातारी मंडळी आधी. टॅक्सीवाला म्हणाला, "मला शेवटी ठेवा, मला बाईंना गाडीवर सोडायचंय." मी विचारलं, कोणत्या पायाने? तर म्हणे, मेहुणा आहे ना. गाडी चुकली तर कारण त्याला माहीत असेल.

तू रविवारी परत जाणार आहेस, हे माझ्या लक्षात आहे. मला फक्त एवढंच हवं होतं की लोकांची मापं व्हावीत.

हे खोटं आहे. पण खोडून नवीन कागद घ्यायला वेळ नाही, पत्र आजच्या टपालाने गेलं तरच तुला वेळेत मिळेल.

३० डिसेंबर

नोंद. दोन प्रती केल्या. एक तुझ्यासाठी, टपालाने.

शनिवार-रविवार मिळून आलेल्या सगळ्यांची मापं झाली. टेलरबाईच्या मापाला वेळ लागला, कारण ती बोलत होती. तू तिची बखोट बघून मला विचारलंस, "आई, ही जखम इतके दिवस कुणी बघितली नाही?" मी म्हटलं, मी बघितली, औषध लावलं, तुला लिहिलंही. तू म्हणालीस, "लिहिलंत हो. म्हणून तर आले."

खालील वस्तू चढणीवरच्या जागेत सुपूर्द केल्या.

भट्टी एक, चालू. डावी तार नवी. तू ती बघितलीस, पेटवलीस.

हवा ओढणारा पंप एक, दुरुस्त, आवाज पूर्वीपेक्षा जास्त. मागच्या खोलीत झोपणाऱ्याची तक्रार नाही.

घासायचं यंत्र एक, कोरडं राहिलेलं.

प्लास्टरचे जुने पाय सुपूर्द झाले नाहीत. ते धुतलेले, पुसलेले, ओळखलेले आणि बिनओळखीचे, सगळे तू रविवारी सकाळी हातोडीने फोडलेस. मी पोतं धरून उभी होते. एवढे दिवस जपलेले पाय फुटताना मला काहीतरी वाटायला हवं होतं. तुझी पाठ दुखते आहे, आणि तू डाव्या हाताने पूर्वीसारखाच कमरेला आधार देतेस, एवढंच मी बघत होते.

नव्या मापांचे ओले साचे, नावं घालून, फळीवर. ते वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, विशेषतः पाणी घेऊन, असं तू सांगितलंस. मान्य.

रविवारची गाडी गेली. टॅक्सीवाल्याच्या मेहुण्याने ती नेमाने चुकवली. सोमवारी सकाळी तू गेलीस.

जागेच्या किल्ल्या दोन. दोन्ही तुझ्या हातात दिल्या. तू एक पर्समध्ये टाकलीस. दुसरी माझ्या हातावर परत ठेवलीस आणि विचारलंस, "दर पंधरवड्याला शनिवारी माझी गाडी पहाटे पोचेल. तेव्हा तुम्ही जाग्या असता ना?"

जागी असते, असं मी सांगितलं.

किल्ली एक, पितळी. देणारी तू, घेणारी मी. पोचली.